शुक्रवारी फरक न्हाय

अण्णांनी अर्धा चहा कपात तसाच ठेवला, तेव्हाच मी घाबरले. तुम्ही हसाल, मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. पण अण्णा चहा अर्धा सोडणारे नव्हेतच. दुपारी त्यांना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या.

दादा मस्कतला. त्याचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं. बूथवरून एजंटाला फोन केला, तर तो ओरडूनच बोलला, "ताई, तारीख बदलायचा दंड तर हायच, वर भाड्यातला फरक. बुधवारी लई महाग पडतंय. शुक्रवारी फरक न्हाय, नुसता दंड."

मी ते अण्णांना सांगितलं. ते खाटेवरून म्हणाले, "मग शुक्रवारचं कर की! तवर मी कुठं पळून जातोय व्हय?" दादालाही त्यांनी मला हेच कळवायला लावलं.

गुरुवारी सकाळी अण्णा गेले.

मी पुन्हा बूथवर. मस्कतची लाइन लागायची, रिंग वाजायची, तुटायची. अखेर दादानं फोन उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "अगं, मिळालं बघ शुक्रवारचं! फरकाचा एक पैसा न्हाय. अण्णांना सांग, खूश होतील."