टेंपोत कोण बसलं हुतं

माझं माहेर गारगोटीकडचं, आठवीत शाळा सुटली, लगीन करून उचगावात आले, मालक भाजी वाहत्यात, टेंपो आमचाच हाय. काय सांगू तुम्हाला, बाळाचं जावळ काढायला जोतिबाला निघालो की आमी, आणि टेंपो दारात असताना येगळी गाडी कोण करतंय, सगळीच जात्यात तशी, मागं सतरंजी हांथरली, बायका-पोरं बसली, आत्ती म्हंजी माझी सासू मागच्या फळीला टेकून, बाळ त्यांच्या मांडीवर. घाटात म्हस आडवी आली, मालकांनी करकचून ब्रेक मारला, म्हस गेल्यावर हिसक्यानं गाडी वर काढली तशी फळी निसटली आणि आत्ती बाळासकट रस्त्यावर. मी वरडायचं बी इसरले बघा.

आत्तींचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तरी डॉक्टर म्हणत्यात चालणं हुईल का न्हाय सांगता येत न्हाय. मग गल्लीतला विमावाला आला, मी म्हटलं विमा हाय की आपला. त्यो म्हणाला, वैनी, तुमच्या टेंपोनं रस्त्यावरचा माणूस उडवला, त्याचं हाड मोडू दे, डोकं फुटू दे, जन्माचा अधू हू दे, मरू दे, कंपनी भरती, पर मालाच्या गाडीत माणसं भरली तर त्यांचं काय बी न्हाय. मी म्हटलं आवो, हाड तर तेच मोडलंय की. त्यो म्हणाला, हाड कंचं मोडलं ते मागनं, आधी माणूस कुठं हुतं ते बघत्यात. आणि मग हळूच म्हणाला, म्हातारी रस्त्याकडंला उभी हुती म्हणून पोलिसांत जबाब द्या.

मालक म्हणाले तसंच सांगायचं, तुझं काय जातंय? दीर हसला, म्हणाला वैनी तर हवालदार बघूनच पळतीया. हसा म्हटलं. खोटं बोलले आणि मला धरून न्हेलं तर, बाळ अजून अंगावर पितंय, आणि खरं बोलले तर ह्यास्नी न्हेत्यात का काय, आत्तींच्या औषधाचं काय, झोपच न्हाय ओ डोळ्याला.

काल आला हवालदार. सासू कुठं हुती? रस्त्यावर म्हणायला तोंड उघडलं, तवर त्यानंच इचारलं, आणि बाळ कुणाजवळ हुतं? बाळाला खरचटलं सुदिक न्हाय ओ, पडताना आत्तींनी त्येला छातीशी धरला आणि आपला खुबा खाली दिला. मी म्हटलं, आत्तींच्या मांडीवर. टेंपोत.

तवापासनं मालक बोलत न्हाईत. दारात फटफटी वाजली तरी मी बाळाला घिऊन आतल्या खोलीत जाते. आत्ती तेवढ्या खाटंवरनं म्हणाल्या, भिऊ नगंस पोरी, हात धड हायीत माझं, दे त्येला हिकडं, आणि तू जेव जा.