नंबर बदलणारं बटण

बसच्या रांगेत गुरुजींच्या पुढे दवाखान्यातली एक नर्स आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते. भावाच्या हातात पेशंटचे नंबर दाखवणारा, त्यानंच घरी जुळवलेला बोर्ड होता.

“हे बघ ताई, बटण दाबलं. बदलला की नाही नंबर?”

“बदलला. आता मी दाबते.”

“थांब, लगेच नको... हं, आता दाब.”

“लगेच का नको रे?”

“बटण नवीन आहे, जरा दमानं घ्यावं लागतं.”

“असं? बोट काढ बघू. आता कुणीच दाबायचं नाही.”

गुरुजीही चष्मा सावरून वाकले. नंबर आपोआप बदलला.

“मेल्या, डॉक्टरांना मी शब्द दिलाय! आज माझी नाचक्की होणार.”

“नाही गं होणार. फक्त एवढं सांग, डॉक्टर एका पेशंटला साधारण किती वेळ लावतात?”