गेट सोडू नकोस

धाकटा : अगं, त्या एकट्यामुळे परत हरलो आम्ही! ताई, तूच सांग, असल्या माणसाचं करायचं काय?

ताई : आधी मला चपला तर काढू दे. बाबांनी हाताचा व्यायाम केला आज?

धाकटा : केला असेल. दार बंद आहे त्यांचं. ऐक ना, पाच जणांचा खेळ असतो आमचा...

ताई : केला असेल म्हणजे? तू दिवसभर घरात असतोस. फिजिओ बाई काय म्हणाल्या होत्या? अर्धांगाच्या झटक्यानंतरच्या या महिन्यांत उजवा हात जेवढा वळेल तेवढाच. मग डोकं आपटलंस तरी काही होणार नाही.

धाकटा : हो गं, विचारतो मी त्यांना. पण तू आधी ऐक. मी खदखदतोय नुसता.

ताई : तुझा तो ऑनलाइन खेळ ना? बोल. पाणी पिता पिता ऐकते.

धाकटा : आमच्यातला एक जण सोडून गेला, म्हणून जो आला तो घेतला. नवखा. अडला हरी, दुसरं काय! आम्ही त्याला मौनीबाबा म्हणतो. तोंडातून शब्द नाही. माईक लाव म्हटलं, लावत नाही. लिहून तरी सांग म्हटलं, तेही नाही.

ताई : ...हं.

धाकटा : ऐकू येतं मात्र चांगलं. ओरडलं की जरा वेळ जागेवर उभा राहतो, मग येरे माझ्या मागल्या. त्याला काम एकच दिलंय. मागचं गेट सांभाळ. हलू नकोस. शत्रू आला तर गोळी घाल. यापेक्षा सोपं काम त्या खेळात नाही.

ताई : आणि तो काय करतो?

धाकटा : मी गोळी लागून पडलो रे पडलो की गेट सोडून धावत येतो! बाकी कोणी पडलं तर ढुंकून बघत नाही. फक्त मी. मला उचलायला.

ताई : मग चांगलंच आहे की.

धाकटा : कसलं चांगलं? उचलायला बटण दाबून धरावं लागतं. चारपाच सेकंद. शेंबडं पोरगंही धरेल. हा मध्येच सोडतो! परत धरतो, परत सोडतो. तोवर उघड्या गेटातून ते आत येतात, त्यालाही मारतात, मलाही. रोज हेच. मुद्दाम करतो गं तो. असे असतात काही, दुसऱ्याचा खेळ नासवण्यातच मजा येते त्यांना.

ताई : ते बटण कुठल्या हाताला येतं?

धाकटा : उजव्या अंगठ्याला. का?

ताई : काय काय बोललास तू त्याला?

धाकटा : जे सगळे बोलतात तेच.

ताई : मला शब्द सांग.

धाकटा : आता शब्द काय सांगू... हात मोडलेत का तुझे, म्हटलं. हातात जीव नसेल तर घरी पडून राहा, लोकांच्या मध्ये कशाला कडमडतोस, म्हटलं. आणि गेट सोडू नकोस, गेट सोडू नकोस, ते तर घसा बसेपर्यंत. आज शेवटी हाकलला. चौघांनी मत दिलं, मीच पुढाकार घेतला. वर तक्रार ठोकली. खातं बंद झालं त्याचं. अशी का बघतेस?

ताई : माझा जुना लॅपटॉप कुठे असतो, माहितीय तुला?

धाकटा : बाबांच्या खोलीत. जुनी गाणी ऐकतात ना त्यावर.

ताई : गाणी नाही ऐकत. फिजिओ बाई म्हणाल्या, चेंडू दाबून कंटाळत असतील तर बटणांचा एखादा खेळ द्या, बोटं दाबून धरायला शिकतील. मी कंट्रोलर आणून दिला. कुठला खेळ लावू, तर त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तुझ्या खोलीकडे.

धाकटा : ताई, थट्टा करू नकोस.

ताई : टीमचं नाव तुझ्या दारावर चिकटवलेलं आहे. तेच शोधून मी विनंती पाठवली. तू घेतलंस.

धाकटा : नाही. नाही गं. शक्यच नाही.

ताई : रोज संध्याकाळी मी आले की हात दाखवायचे मला. अंगठा. बघ, आज एवढा वेळ धरला. आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली त्या माणसानं, एक खोकं कधी निसटू दिलं नाही. आणि एका बटणासाठी लहान मुलासारखे खूश व्हायचे.

धाकटा : मग सांगायचं होतंस ना मला! मला काय स्वप्न पडणार होतं?

ताई : सांगू दिलं का त्यांनी? ओठांवर बोट ठेवलं. नीट जमू दे, मग सांगू, असं असेल त्यांच्या मनात. मला वाटलं, बरं झालं. जेवताना तू मान वर करत नाहीस, त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाहीस. तिथे तरी बापलेक एकत्र बसतील.

धाकटा : मला बघवत नाही गं त्यांना तसं. म्हणून नाही जात.

ताई : ते मला कळतं. त्यांना कसं कळणार?

धाकटा : पण तिथे सगळेच तसं बोलतात. कोणी मनाला लावून घेत नाही.

ताई : परका असता तर चाललं असतं, नाही का? अरे, तुझ्या आवाजाला ही भिंत पुरते का? आधी भिंतीतून ऐकायचं, मग हेडफोनमधून तेच परत. प्रत्येक शिवी दोनदा खाल्ली त्यांनी. आणि तरी तू पडलास की धावत यायचे.

धाकटा : मी काय करू आता?

ताई : मला नको विचारूस. दार तिकडे आहे.

(धाकटा बाबांच्या खोलीत जातो. लॅपटॉप मिटलेला आहे.)

धाकटा : बाबा... जागे आहात?

बाबा : हं.

धाकटा : मला माहीत नव्हतं, बाबा. आईशप्पथ. माझी जीभ झडली कशी नाही!

बाबा : अस... असू दे.

धाकटा : हात पांघरुणात का लपवलाय? काढा ना बाहेर. मी दाबून देतो.

बाबा : नको.

धाकटा : बघा, आपण नवं खातं उघडू. आपण दोघंच. बाकी कोणी नको. मी मुद्दाम पडतो, तुम्ही उचला. बटण सुटलं तर सुटलं, परत धरायचं. मी पडून राहीन की, मला कुठे जायचंय?

बाबा : गेट...

धाकटा : खड्ड्यात गेलं ते गेट!

बाबा : मी... गेटवर... थांबतो.

धाकटा : आणि मी पडलो तर?

बाबा : गेट... नाही... सोडणार.