शनिवारचा केक हलता कामा नये

—नाही नाही, गाडी विकायची नाहीये, तिची चाल मऊ करून हवीय! सगळे आधी हेच विचारतात, बाई, तुम्ही केक करता, मग ही पोरासोरांची पळवायची गाडी कशाला? अरे, भाच्याची आहे ती. परगावी नोकरी लागली, जाताना मावशीच्या गळ्यात घालून गेला. लाल रंग, बुटकी, मागे तो पंख — मला तर बघताक्षणी आवडली! पण आत बसलं की कळतं. रस्त्यात काडेपेटीची काडी पडलेली असली तरी माझ्या मणक्याला बातमी पोचते. आणि मी रोज हिच्यातून केक पोचवते रे! काल तीनमजली घेऊन निघाले, पोचले तेव्हा दुमजली होता. तिसरा? तो सीटखाली राहायला गेला! हसू नकोस. बरं, हास. मीही आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले.

हवा? हवा मीच भरते. टायरवर आकडा लिहिलाय की, बरोबर तेवढी — अगं बाई! तो टायरला जास्तीत जास्त झेपेल तो आकडा? आणि गाडीचा खरा आकडा दाराच्या कडेला चिकटवलाय? म्हणजे इतके दिवस मी दगडांवर बसून गाव फिरले! ओव्हनचं बटण कधी शेवटच्या आकड्यावर नेते का मी? नाही ना! मग इथेच कुठे अक्कल गहाण पडली होती कोण जाणे. आणि ही मोठी चाकं काढायची म्हणतोस? लहान चाकं, जाड टायर — धक्का टायरच पोटात घेणार. घाल, घाल! भाच्याने रुबाबासाठी आखूड स्प्रिंगाही बसवल्यात. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा माळ्यावर होत्या, आणल्यात मी, डिकीत बघ. तुझा हात फार चांगला आहे हं, ऐकलं होतं तस्साच. कुणाकडून? — ऐकलं आपलं!

कारण शनिवारचा केक हलता कामा नये. गिऱ्हाईक कोण? मीच! माझं लग्न आहे. अरे, पाना सांभाळ, पायावर पडेल! हो, या वयात. मलाही आरशात बघून हसू येतं, दात घासताना येतं, उगाच येतं. बस चालवायचे ते, आता निवृत्त. माझ्या केकच्या वर्गात आले, इतक्या बायकांत हे एकटे. क्रीमचा गुलाब करा म्हटलं, तर कोबी केला. मी म्हटलं, सुरेख आहे — आणि तिथेच फसले बघ!

आता एकच अडलंय. त्यांच्या मुलाला अजून माहीत नाही. एवढी मोठी बस घाटातून आणणारा माणूस, पण मुलापुढे वाचाच बसते. आई गेल्यापासून घरात दोघंच, त्याला वाटेल, आईच्या जागेवर ही कोण आली! मला कुणाची जागा नकोय रे, मी बाजूला माझी खुर्ची टाकून बसेन. पण तो नको म्हणाला तर शनिवार नाही, हे मीच ठणकावून सांगितलंय. सांगितलं खरं, आणि तेव्हापासून केकात साखरेऐवजी मीठ पडतंय! मुलगा तसा गुणी आहे हं. कमी बोलतो. हे घरी केक घेऊन गेले की साखर वाढेल म्हणून ओरडतो, डबा फळीवर लपवतो, आणि हे झोपले की स्वयंपाकघरात उभ्याउभ्या आपणच फस्त करतो. मग सकाळी गॅरेज उघडायला उशीर —

...काय झालं? हात का थांबला तुझा?

अरे देवा. मी गॅरेज म्हटलं का? म्हटलंच. ते म्हणाले होते, तू नुसती गाडी दाखव, पोरगा कसा आहे ते बघ, बाकी मी बोलतो. आणि मी इथे — हे माझं तोंड! रागावू नकोस तुझ्या बाबांवर. माझ्यावर रागाव, मला चालेल. हवं तर मी निघते, गाडी राहू दे, सावकाश — काय? काय म्हणालास? स्प्रिंगा बदलल्या तरी भरवसा नाही? मग शनिवारचं कसं — तू? तू केक मांडीवर घेऊन बसणार?

थांब हं. थांब जरा. मग... मग मी चारमजली करते!