फेफऱ्याची पुडी

“माणसाचं फेफरं थांबवलंत आणि अक्कलही नेलीत! बोलवा तुमच्या मोठ्या डॉक्टराला बाहेर!”

पंचवटीतल्या दवाखान्याच्या खिडकीशी धोंडाबाई तांबटीण कंपाउंडरवर कडाडली. तिच्यामागं अकबर लेकीची पहिली पुडी न्यायला उभा होता.

“बाई, झटके थांबले ना?”

“थांबले की! पण काल मालकांनी मठारून झालेला हंडाच पुन्हा मठारायला घेतला. ठोकत राहिले, ठोकत राहिले, बुडाला भोक पाडलं. वर मलाच विचारतात, हे कुणी केलं?”

“औषध विलायतेत आधी उंदरांना दिलंय. एक उंदीर मेला नाही.”

“मेला नाही! अहो, त्याला आपलं बीळ तरी सापडलं का?”

“ते कोण बघतो? पुडी बंद केलीत तर मालक भट्टीत पडतील.”

“म्हणून तर आजही न्यायला आले!” धोंडाबाईनं पुडी ओढून पदरात बांधली.

रांग हसली. अकबर हसला नाही. त्याच्यापुढं पुडी आली, तसा त्यानं हात मागं घेतला.

“कंपाउंडरसाहेब, माझ्या मेहरुन्निसाला अर्धं कुराण तोंडपाठ आहे. पुडीनं ते राहील का जाईल?”

“पुढं सरका, मागं लोक उभे आहेत.”

“उभे राहू द्या. आधी सांगा, राहील का जाईल?”