सव्वाचार मिनिटं

(पोलीस ठाण्याची मागची खोली. टेबलावर संगणकाचा पडदा आणि नोंदवही. ती हवालदार, तोही हवालदार, नवरा-बायको.)

ती : ...आणि आता इथून पुढं बघ. कालचा दोन हजार माणसांचा मोर्चा, अन् कॅमेरावाल्यांना दिसली ती एकच. निळ्या स्वेटरवाली!

तो : गर्दीचं चित्रण करायला धाडलं होतं गं. कुणीतरी दिसणारच.

ती : सव्वाचार मिनिटं? तेवढ्यात दोनदा केस मागे घेतले तिनं. एकदा हसली. कुणाकडं बघून हसली रे?

तो : मला काय ठाऊक?

ती : साळसूदपणा बघा! बाळंतपणाची रजा संपवून आले, तर साहेबांनी बसवलं नवऱ्याचंच चित्रण तपासायला. म्हणे, कोण काय करतंय ते वहीत लिहा. काय लिहू? हवालदारांची नजर खिळली?

तो : हळू. भिंतींना कान असतात.

ती : असू देत. लेक पहिल्यांदा पालथी पडली, तेव्हा तुझ्या व्हिडिओत नुसती चादर आली. हात थरथरत होता म्हणे! आणि इथं? दगडासारखा!

तो : आवाज लाव.

ती : घोषणांनी डोकं उठतं. मी आवाज बंदच ठेवते. विषय बदलू नकोस.

तो : लाव तरी.

ती : ...हा तर तुझाच आवाज. ‘आई, आता किती आहे? पाण्याची पट्टी बदल. रडतेय का अजून?’ ...कुणाला ताप होता?

तो : छकुलीला. एका हातात फोन होता. कॅमेऱ्याचा हात खांबाला टेकवला, तो विसरूनच गेलो. ही बाई मी आत्ता बघतोय, तुझी शपथ.

ती : काल? मी घरी आले तर खेळत होती!

तो : तोवर उतरला होता. आईच म्हणाली, सुनेला कळवू नकोस, कामाचा तिसराच दिवस, सगळं टाकून धावत येईल.

ती : आले असतेच.

तो : अगं, ऐक ना...

ती : आईंना माहीत. तुला माहीत.

तो : चुकलंच. ...चारला साहेब वही मागतील. काय लिहितेस?

ती : ‘निळ्या स्वेटरवाली महिला. संशयास्पद काही नाही.’

तो : आणि माझं?

ती : तू तिथं होतासच कुठं? तू घरी होतास, छकुलीच्या उशाशी. मीच तेवढी इथं होते.