सापगावला चढणारं चर्च

शहापूरहून मुरबाडला निघालेल्या जीपमध्ये एक म्हातारी आणि एक तरुण बाई समोरासमोर बसल्या होत्या. म्हातारीच्या मांडीवर गुंडाळलेली भलीमोठी सतरंजी होती.

“मावशी, ती टपावर टाका की. मला हलायला जागा नाय.”

“टपावर नको गो, धुळीनं भरंल. आज हिच्यावर बसून आमची येशूची प्रार्थना हाय.”

“चर्चमदी बाकडी नसतात का?”

“आमच्या चर्चला बाकडी नाय, भिंती पण नाय.”

“मग चर्च हाय तरी कुठं?”

“थोडं इथं बसलंय, बाकीचं सापगावला चढंल. मंगळूदादाचा पाय मोडलाय, म्हणून आज मुरबाडला त्याच्या घरी जमायचं.”

“म्हंजे सापगावला चर्च पुरं होणार!”

“पुरं कुठलं? रंभा रुसलीय. आमच्यातलीच एक तिला बेसूर बोलली. तवापासून ती येत नाय.”

“मग आता गाणं सुरात होत असंल.”

“सुरात होतं गो, पण अळणी लागतं. काल आमी सगळ्या तिच्या दारात जाऊन बसलो. चहा दिला तिनं, पण येते म्हणाली नाय.”

जीप थांबली. ड्रायव्हर ओरडला,

“सापगाव! मावशी, तुमची माणसं चढवा लवकर.”

“रुपा आली, भिमी आली, अनिता आली... अगो बाय, तिच्यामागं कोण ती? रंभाच! ये गो, ये!”

“मावशी, तिघींचीच जागा हाय. चौथीला कुठं बसवू?”

“माझ्या मांडीवर! ती सतरंजी टाक रे टपावर!”